ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग: कोणतं काम घरी करायचं, कोणतं शोरूमला द्यायचं

पेरणीच्या तोंडावर आणि ऊस वाहतूक सुरू व्हायच्या आधी एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: "सर्व्हिसिंग शोरूमला करू का घरीच उरकू?" विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. काहींनी वॉरंटी संपली त्या दिवशीच शोरूमशी संबंध तोडलेला असतो आणि ते डिझेल पंपाचे नटसुद्धा गोठ्यात बसून सोडतात. काहीजण साधा एअर फिल्टर झटकायलाही तालुक्याच्या फिटरची चार दिवस वाट बघतात. नुकसान दोघांचंही होतं, कारण दोघेही अख्ख्या ट्रॅक्टरचा निर्णय एकदाच घेऊन मोकळे होतात.

निर्णय एकेका कामाचा घ्यायचा असतो. २५० तासांच्या एकाच सर्व्हिसमध्ये बरीच कामं घरची असतात आणि एखादं निव्वळ शोरूमचं. ही वाटणी कशी करायची, घरचं काम कोणत्या क्रमानं करायचं आणि शोरूमला दिलेलं काम खरंच झालं का हे कसं बघायचं, ते पायरीपायरीनं सांगतो. आपल्याकडे सर्रास दिसणारा ३५ ते ५० एचपीचा ट्रॅक्टर डोळ्यासमोर ठेवला आहे.

## पायरी १: बुकलेट शोधा, मीटर वाचा

ट्रॅक्टरचा हिशोब किलोमीटरवर नाही, तासांवर चालतो. मीटरवरचे तास आणि शेवटचं ऑईल बदललं तेव्हाचे तास, हे दोन आकडे कागदावर येईपर्यंत पुढचं काहीच ठरवू नका. बहुतेकांना दुसरा आकडा आठवत नाही. "दिवाळीच्या आसपास केलं होतं" हे उत्तर चालत नाही.

मीटर बंद असेल तर आधी ते दुरुस्त करा. तोवर डिझेलवरून अंदाज काढा. आपला ट्रॅक्टर तासाला सरासरी किती लिटर खातो हे प्रत्येकाला ठाऊक असतं. महिन्याच्या डिझेलला त्या आकड्यानं भागलं की तास निघतात.

मग कंपनीचं बुकलेट काढा. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना असते. त्यानंतर इंजिन ऑईल बऱ्याच मॉडेलना २५० तासांना बदलावं लागतं, काही नव्या मॉडेलना त्याहून उशिरा. गिअरबॉक्स-हायड्रोलिकचं ऑईल साधारण १,००० तासांच्या आसपास येतं. आपल्या मॉडेलचा आकडा बुकलेटमधला धरा, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा नको. बुकलेट हरवलं असेल तर शोरूमला मागा किंवा कंपनीच्या ॲपवर बघा. मला विचाराल तर बुकलेट हातात नसताना घरी ऑईल बदलूच नये.

तपासा: तास भरले नसले तरी वर्षातून एकदा इंजिन ऑईल बदलायचंच. तीन-चार एकरवाल्याचा ट्रॅक्टर वर्षाला २०० तासही चालत नाही, पण उभ्या ट्रॅक्टरमधलं ऑईलही खराब होतं.

चूक: तास हंगामाच्या मधोमध भरणार हे दिसत असूनही थांबणं. सर्व्हिस वीस-तीस तास आधी केल्यानं काही बिघडत नाही. ऊसतोड चालू असताना फडात ट्रॉली भरून उभी आहे आणि ट्रॅक्टर शोरूमच्या रांगेत, ही वेळ ओढवून घेऊ नका.

## पायरी २: वॉरंटीची रेघ ओढा

वॉरंटी वर्षं किंवा तास, जे आधी पूर्ण होईल तिथे संपते. 'सहा वर्षांची वॉरंटी आहे' म्हणून निर्धास्त असलेल्या वाहतूकवाल्याचे तास दोन-तीन वर्षांतच संपलेले असतात. म्हणून तारीख आणि तास दोन्ही लिहून ठेवा.

वॉरंटी चालू असेल तर बुकलेटमध्ये कुपन असलेली प्रत्येक सर्व्हिस शोरूमलाच करा, शिक्का आणि सही घ्या. इथे पैसे वाचवायला जाऊ नका. उद्या इंजिनचं काही निघालं तर पहिला प्रश्न सर्व्हिस वेळेवर झाली का हाच असतो, आणि त्याचं उत्तर फक्त ते शिक्के देतात. पण वॉरंटीत असतानाही रोजचं ग्रीसिंग, एअर फिल्टरची सफाई, पाणी-ऑईल बघणं, टायरची हवा ही कामं तुमचीच असतात. ती शोरूम करत नाही.

फिल्टर, ऑईल, क्लच प्लेट यांसारख्या झिजणाऱ्या गोष्टी सहसा वॉरंटीत बसत नाहीत. टायर, बॅटरी आणि बऱ्याचदा डिझेल पंप यांची वॉरंटी त्या-त्या वस्तूच्या कंपनीची असते. त्यामुळे बॅटरीचं कार्ड वेगळं जपून ठेवा.

तपासा: वॉरंटीचं काम नाकारलं तर कारण लेखी मागा. तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. लेखी कारण असेल तर कंपनीच्या विभागीय कार्यालयाकडे दाद मागता येते, आणि तिथेही भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

## पायरी ३: कामांचे तीन ढीग करा

वॉरंटी संपलेल्या ट्रॅक्टरची सगळी कामं कागदावर लिहा आणि प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारा. चुकलं तर काय मोडेल? चुकलं हे मला लगेच कळेल का? त्यासाठी लागणारं हत्यार माझ्याकडे आहे का?

मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ऑईलचा फिल्टर नीट बसला नाही तर दोन मिनिटांत जमिनीवर डाग दिसतो. टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारं सेटिंग) जास्त घट्ट बसला तर काहीच दिसत नाही. इंजिन नेहमीसारखं चालतं आणि काही महिन्यांनी व्हॉल्व्ह जळतो. चूक लगेच दिसते ते काम शिकायला चांगलं, आणि जिथे ती लपून राहते ते काम जाणत्या हातात द्यायचं.

घरचा ढीग: इंजिन ऑईल व फिल्टर, एअर फिल्टर, साध्या (कॉम्प्युटर नसलेल्या) पंपाच्या ट्रॅक्टरचे डिझेल फिल्टर, कूलंट, फॅन बेल्टचा ताण, बॅटरी, ग्रीसिंग, नट-बोल्ट आवळणं, टायरची हवा.

गावातल्या भरवशाच्या मिस्त्रीचा ढीग: टॅपेट, क्लच व ब्रेकचं सेटिंग, पुढच्या चाकाचे बेअरिंग, सेल्फ, अल्टरनेटर, गळणारे सील. हा तिसरा माणूस लोक हिशोबातच धरत नाहीत. ज्यानं तुमच्या मॉडेलची दहा-वीस इंजिनं उघडली आहेत असा मिस्त्री जवळ असेल तर निम्मा प्रश्न सुटला. त्याच्या कामावर नजर ठेवा, आणि पार्ट स्वतः बिलावर आणून द्या.

शोरूमचा किंवा पंप-नोझलवाल्याचा ढीग: डिझेल पंप, नोझल, गिअरबॉक्स फोडणं, हायड्रोलिकच्या आतलं काम, पॉवर स्टेअरिंगचा पंप आणि कॉम्प्युटरवर चालणारं सगळं.

शेवटच्या शब्दांवर जरा थांबतो. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ चे प्रदूषण नियम लागू झाले. त्यामुळे त्या गटातल्या नव्या ट्रॅक्टरमध्ये बहुतेक ठिकाणी कॉमन रेल पंप (सगळ्या नोझलना एकाच नळीतून मोठ्या दाबानं डिझेल देणारा), सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आले. अशा इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. त्यात ऑईलही बुकलेटमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच लागतं, आणि पॅनेलवर चूक-कोड आला तर तो वाचायचं यंत्र शोरूमकडेच असतं. असा ट्रॅक्टर असेल तर घरचा ढीग आखूड करा. ऑईल, एअर फिल्टर, ग्रीस, कूलंट, बस्स.

इशारा: कॉमन रेल इंजिनाच्या नोझलचे पाइप पान्यानं सैल करून हवा काढायला जाऊ नका. जुन्या ट्रॅक्टरची ती सवय इथे जीवावर बेतते. इतक्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी लगेच दवाखान्यात जावं लागतं.

## पायरी ४: हिशोब करा, पण पूर्ण

शोरूमचं बिल आणि घरचा माल, एवढीच तुलना करू नका. शोरूमच्या बाजूला मजुरी, जाण्यायेण्याचं डिझेल, ड्रायव्हरची हजेरी आणि बुडालेला दिवस लिहा. घरच्या बाजूला माल, लागणारी हत्यारं आणि स्वतःचे तास. हत्यारांचा खर्च एकदाच येतो, तो पाच-सहा सर्व्हिसवर वाटून धरा.

हा हिशोब केला की बहुधा असं दिसतं: साध्या ऑईल-फिल्टर सर्व्हिसमध्ये मजुरीपेक्षा बुडालेला दिवस महाग पडतो. म्हणून शोरूम घरापासून लांब असेल तर घरचा ढीग मोठा करावा, आणि शोरूम दहा मिनिटांवर असून तुम्हाला वेळ नसेल तर ऑईलसुद्धा तिथेच बदलावं, त्यात कमीपणा नाही. बरेच डीलर बांधावर येऊन सर्व्हिस देतात, हंगामाआधी कॅम्पही लावतात. तेही विचारून बघा.

## पायरी ५: माल, हत्यारं आणि जागा आधी

अर्ध्या चुका इथेच होतात. ऑईल खाली सोडल्यावर लक्षात येतं की फिल्टर दुसऱ्याच मॉडेलचा आणलाय, आणि मग ट्रॅक्टर उघडाच राहतो.

माल: बुकलेटमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं ऑईल (जुन्या साध्या इंजिनांना बहुतेक १५डब्ल्यू-४०), ऑईल फिल्टर, दोन्ही डिझेल फिल्टर, ड्रेन नटचा तांब्याचा वायसर, ग्रीस, कूलंट, डिस्टिल्ड वॉटर. फिल्टर पार्ट नंबर बघून घ्या. 'दिसायला सेम' फिल्टरचे आटे बसतात, पण आतला व्हॉल्व्ह वेगळा असू शकतो. माल बिलावर घ्या, ऑईलच्या डब्याचं सील बघा, आणि काम झालं की रिकामा डबा भोक पाडून टाका. नकली ऑईल ह्याच डब्यांतून परत बाजारात येतं.

हत्यारं: रिंग पान्यांचा संच, फिल्टर सोडायचा पट्टा, ग्रीस गन, दहा लिटरचं पसरट घमेलं, जाळीचं नरसाळं, स्वच्छ सुती फडकी. वेस्ट कॉटन वापरू नका, त्याचे दोरे आत जातात. ड्रेन नटाला तोंडाचा पाना लावू नका, कडा गोल होतात.

जागा: सपाट आणि कडक. मशागतीची अवजारं काढून ठेवा, किंवा निदान जमिनीवर टेकवा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा.

इशारा: हायड्रोलिकवर उचललेल्या रोटाव्हेटरखाली हात घालू नका. लिव्हरला कोणाचा धक्का लागला की तो खाली येतोच. उचलूनच काम करायचं असेल तर खाली लाकडी ठोकळे लावा.

इशारा: सेल्फच्या टोकांना स्क्रू ड्रायव्हर लावून ट्रॅक्टर कधीच चालू करू नका. तसं केलं की क्लचचा सेफ्टी स्विच बाजूला पडतो. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर जागेवरून निघतो, आणि तुम्ही मागच्या चाकासमोर उभे असता. यात माणसं गेली आहेत.

## पायरी ६: २५० तासांची सर्व्हिस, या क्रमानं

क्रम महत्त्वाचा आहे. आधी धुणं, मग बघणं, मग उघडणं. चिखलानं माखलेला ट्रॅक्टर तसाच उघडला तर पहिली माती तुम्हीच इंजिनात टाकता.

१. धुवा आणि बघा. प्रेशरचं पाणी अल्टरनेटर, सेल्फ, एअर फिल्टरचं तोंड आणि वायरिंगवर मारू नका. सुकला की दहा मिनिटं चालवा आणि गळती शोधा. मागच्या एक्सलच्या टोकाला, ड्रमजवळ ओलं दिसलं तर सील गेलंय. भाताच्या पट्ट्यात चिखलणी करणाऱ्यांनी हे दर हंगामानंतर बघायचंच.

२. ऑईल कोमट असताना सोडा. थंड ऑईल जाड असतं, गाळ तळाशीच राहतो. चटका बसेल इतकं गरमही नको. घमेलं लावा, भरायचं झाकण उघडा, मग ड्रेन नट सोडा आणि पंचवीस-तीस मिनिटं ठिबकू द्या.

ह्या वेळात ऑईल नीट वाचा. काळं असणं हे डिझेल इंजिनात नेहमीचंच. पण चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर पाणी आलंय, म्हणजे हेड गॅसकेट किंवा लायनरच्या रबर रिंगा गेल्यात. बोटांवर चोळून उन्हात धरल्यावर चांदीसारखी चमक दिसली तर बेअरिंग झिजतंय. डिझेलचा वास येत असेल आणि आधी ऑईल मोजायच्या पट्टीवर पातळी वाढलेली दिसली असेल तर डिझेल आत उतरतंय. तिन्हींपैकी काहीही दिसलं तर घरचं काम तिथेच थांबवा, बाटलीभर ऑईल राखून ठेवा आणि मिस्त्रीला दाखवा. नवं ऑईल भरून 'बघू पुढं' म्हणायचं नाही.

३. फिल्टर बदला. मी केलेली सगळ्यात महाग चूक इथली. जुना फिल्टर सोडला, नवा बसवला, इंजिन चालू केलं, आणि क्षणात बाजूनं ऑईलची धार सुटली. बंद करून फिल्टर काढला तेव्हा दिसलं: जुन्या फिल्टरचं काळं रबर इंजिनाच्या तोंडावरच चिकटून राहिलेलं, आणि त्यावर नव्याचं दुसरं रबर. शेणानं सारवलेल्या अंगणात पाचेक लिटर नवं ऑईल पसरलं होतं. तेव्हापासून जुना फिल्टर हातात आला की आधी त्याच्या कडेला रबर आहे का हे बघतो, मगच तो खाली ठेवतो.

तोंड कोरड्या फडक्यानं पुसा, नव्या रबराला बोटानं ऑईल लावा, फिल्टर हातानं फिरवा. रबर टेकलं की आणखी पाऊण फेरा, तोही हातानंच. पट्ट्यानं आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी फुटून निघतो.

४. भरा. नवा तांब्याचा वायसर घालून ड्रेन नट आवळा. फार जोर लावू नका, चेंबरचे (खालच्या ऑईलच्या टाकीचे) आटे गेले तर खर्च मोठा. ४०-४५ एचपीच्या इंजिनात साधारण ६ ते ८ लिटर ऑईल बसतं. नेमका आकडा बुकलेटमध्ये असतो. त्यातलं अर्धा लिटर हातचं राखून भरा. स्टॉपचा दांडा ओढून ठेवून सेल्फ दहा सेकंद मारा म्हणजे ऑईल वर चढतं, मग चालू करा. प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दोन मिनिटांनी बंद करा, दहा मिनिटं थांबा, पट्टी बघा, उरलेलं घाला.

तपासा: पट्टीच्या वरच्या खुणेच्या वर ऑईल नको. जास्तीचं ऑईल फेसाळतं आणि सील ढकलतं.

५. एअर फिल्टर. आपल्याकडे इंजिन अकाली जातं ते बहुतेक धुळीनं, आणि धूळ येते ती फिल्टर नीट न हाताळल्यामुळे. रोटाव्हेटरच्या किंवा मळणीच्या दिवसांत हे काम २५० तासांचं नसून रोजचं आहे.

ऑईल बाथ (खाली ऑईलची वाटी असलेला फिल्टर) असेल तर वाटीतला गाळ काढा, डिझेलनं धुवा, पुसून खुणेपर्यंतच ऑईल घाला. खुणेच्या वर घातलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि रेस आपोआप वाढत जाते, चावीनंही थांबत नाही.

कोरडा कागदी फिल्टर असेल तर हवा आतून बाहेर मारा, कमी दाबानं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब कागद फाडतो. मग आत बल्ब किंवा मोबाइलची बॅटरी धरा आणि अंधारात बघा. एक जरी उजेडाचा ठिपका दिसला तरी फिल्टर टाका. आतला लहान सेफ्टी फिल्टर साफ करायचा नसतो, फक्त बदलायचा असतो.

शेवटी, फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपच्या आत बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर पाइप चिरलाय किंवा क्लिप सैल आहे, आणि फिल्टर कितीही भारी असला तरी उपयोग नाही. ही एक तपासणी मी कुणालाच करताना बघत नाही.

६. डिझेल फिल्टर (फक्त साध्या पंपाचे). टाकीचा कॉक बंद करा, फिल्टर बदला, कॉक उघडा. हवा काढताना टाकीकडून पंपाकडे या: पहिल्या फिल्टरचा स्क्रू, मग दुसऱ्याचा, मग पंपाचा. हातपंप मारत राहा आणि बुडबुडे जाऊन सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. लोक थेट पंपापासून सुरू करतात, मग दिवसभर सेल्फ मारून बॅटरी उतरवतात.

७. पाणी. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडचं बोअर बहुतेक ठिकाणी क्षाराचं आहे, चहाच्या पातेल्यात जसा पांढरा थर बसतो तसाच आत बसतो. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळलेलं घाला. दोन वेगळ्या रंगांची कूलंट एकत्र करू नका. रेडिएटरची जाळी पंख्याच्या बाजूनं पुढे हवा मारून साफ करा. पुढून मारली तर कचरा आणखी आत बसतो.

८. बेल्ट, बॅटरी, ग्रीस. बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबला तर साधारण बोटाच्या जाडीएवढा दबावा. बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना शेवटी निगेटिव्ह. ट्रॉलीला किंवा ट्रॅक्टरला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी सोडूनच. ग्रीसचं निपल आधी पुसा, मग गन लावा, आणि जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. निपल ग्रीस घेत नसेल तर ते बदला. 'मारलं' म्हणून पुढे जाऊ नका, पुढच्या एक्सलची पिन अशीच कोरडी राहून झिजते.

इशारा: गिअरबॉक्सच्या ऑईलला हात लावण्याआधी ट्रॅक्टरला ऑईलमधले ब्रेक आहेत का ते बघा. असतील तर साधं ९० नंबरचं गिअर ऑईल चालत नाही. त्यानं ब्रेकच्या प्लेटा खराब होतात, आणि त्या बदलायला मागचा भाग उघडावा लागतो. डब्यावर ओल्या ब्रेकसाठी चालतं असं लिहिलेलं, बुकलेटमध्ये दिलेलंच ऑईल घ्या.

जळकं ऑईल विहिरीच्या काठावर, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. डब्यात साठवून जुनं ऑईल घेणाऱ्याला द्या.

## पायरी ७: शोरूमला देताना

शोरूमला दिलं म्हणजे आपलं काम संपलं, हा समज सोडा. एका सर्व्हिसला बिलात दोन्ही डिझेल फिल्टर लावलेले होते. मी जाण्याआधी फिल्टरच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका ठेवला होता, आणि घरी येऊन वाकून बघितलं तर ठिपका जागेवर. परत गेलो, दाखवलं, त्यांनी मुकाट्यानं बदलून दिले. भांडावं लागलं नाही. मात्र ठिपका नसता तर माझ्याकडे बोलायला काहीच नव्हतं.

1. जाण्याआधी तक्रार एका वाक्यात लिहा, लक्षणासकट. 'पिकअप नाही' असं नको, 'चढाला तिसऱ्या गिअरमध्ये काळा धूर येतो, सपाटीला येत नाही' असं सांगा.
2. जॉब कार्डवर मीटरचे तास, डिझेलची पातळी आणि प्रत्येक काम लिहून घ्या. अंदाजे खर्च विचारा आणि 'जास्तीचं काम फोन केल्याशिवाय करू नये' हे तिथेच लिहायला लावा.
3. फिल्टरना खूण करा. ऑईलचे डबे आपल्यासमोर फोडायला सांगा.
4. बदललेले जुने पार्ट मागून घ्या. वॉरंटीत बदललेले पार्ट कंपनी ठेवून घेते, तेव्हा त्यांचा फोटो काढा.
5. पैसे देण्याआधी पट्टी बघा, गळती बघा, एक फेरी मारा, दोन्ही ब्रेकची पेडलं सारखी लागतात का ते बघा. रस्त्याला जाताना दोन्ही पेडलं खटक्यानं जोडलेली हवीत.

## पायरी ८: वही

ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये शंभर पानी वही आणि पेन, प्लास्टिकच्या पिशवीत. प्रत्येक कामाला एक ओळ: तारीख, मीटरचे तास, काय केलं, कोणी केलं, मालाचा पार्ट नंबर, खर्च, पुढचं कधी. ड्रायव्हर वेगळा असेल तर लिहायचं काम त्याला द्या आणि आठवड्यातून एकदा आपण बघा. वर टाकलेलं ऑईलही लिहा. दर पन्नास तासांना अर्धा लिटर लागायचं ते एक लिटर लागायला लागलं, हे वहीशिवाय कळत नाही, आणि पिस्टनच्या रिंगा झिजल्याची ती पहिली खूण असते.

बिलं त्याच पिशवीत ठेवा. ट्रॅक्टर विकायचा झाला तेव्हा माझ्याकडे आलेल्या गिऱ्हाईकानं इंजिन चालू करायच्या आधी ही वहीच तासभर चाळली होती.